टोपीखालचे कुंकू

खंडेनवमीला यंत्रांची पूजा करू नये, असे माझे म्हणणे नाही. माझे वडील लेथला हार घालीत आणि लेथचे त्यामुळे कधी काही बिघडले नाही. लेथ लोखंडाचा असतो. माझी तक्रार वेगळी आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही ती निवलेली नाही.

सध्या धायरीत आमच्या घरासमोर केबलसाठी रस्ता खणला आहे. काचेच्या तारा घरोघर येणार म्हणून शेजारी आनंदात आहेत. अशा दोन तारा जिथे एकमेकींना मिळतात, तो जोड याच शहरात घडवून दाखवला गेला होता, हे त्यांना सांगून उपयोग नाही. मी सांगतही नाही. इथे लिहितो.

नव्वदीच्या दशकाचा आरंभ होता. मी एका सरकारी प्रयोगशाळेत सिरॅमिकच्या विभागात होतो. आयातीचे दरवाजे नुकतेच उघडले होते आणि जो भेटेल तो एकच प्रश्न विचारी: बाहेर तयार मिळते ते इथे कशाला करायचे?

आमचा जोड दिसायला क्षुल्लक होता. काचेची तार सिरॅमिकच्या बारीक नळीत बसवायची, तिचे टोक घासून आरशासारखे करायचे आणि दुसऱ्या तशाच टोकासमोर आणायचे. प्रकाश एकातून दुसऱ्यात जातो. ज्या वाटेने तो जातो ती केसाहून बारीक असते, त्यामुळे मधे धूळ चालत नाही. नळी माझ्या भट्टीत भाजली जाई. तार बसवणे आणि टोक घासणे हे माझ्या एका सहकाऱ्याचे काम. ते नागपूरचे, वयाने माझ्याहून बरेच लहान. आम्हा दोघांची कित्येक वर्षे त्या नळीत गेली होती.

संचालकांनी एक संधी दिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंत्रालयातले आणि एका खासगी कंपनीतले पाहुणे येणार. माझ्या आणि संचालकांच्या अशा दोन इमारतींतले संगणक आमच्या जोडांमधून एकमेकांशी बोलले, तर कंपनी उत्पादन हाती घेणार. नाही बोलले, तर काम बंद. माझ्या या सहकाऱ्यांनी त्यासाठी संगणकाचा पडदाही स्वतः रचला होता. त्या काळी संगणकाला आज्ञा टंकून द्याव्या लागत. यांनी चित्रे मांडली. पाहुण्याने माउसने इमारतीच्या चित्रावर टिचकी मारायची, की तिथला नकाशा इथे उघडायचा.

"मंत्रालयातला माणूस आहे सर," ते मला म्हणाले होते. "त्याला एका टिचकीपेक्षा जास्त काम सांगायचं नाही."

दसऱ्याला ते दरवर्षी नागपूरला जात. वडिलांच्या पिढीत घराने बौद्ध धम्म स्वीकारलेला होता. त्या दिवशी आईला दीक्षाभूमीवर नेणे हा त्यांचा नेम होता. रजा रीतसर मंजूर होती. निघण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक टोक सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यावर प्लास्टिकची टोपी बसवली. आमच्या कामात टोपीला अर्थ असतो. टोपी चढली, म्हणजे टोक तपासलेले आहे आणि त्याला कोणी शिवायचे नाही.

परतीची गाडी उशिरा आली. ते स्टेशनवरून थेट प्रयोगशाळेत पोहोचले तेव्हा पाहुण्यांचा चहा चालू होता. टोप्या जागच्या जागी होत्या. त्यांनी त्या काढल्या आणि तारा जोडल्या.

मंत्रालयातल्या पाहुण्याने टिचकी मारली. पडद्यावर वाळूचे घड्याळ आले आणि तिथेच राहिले. त्याने पुन्हा टिचकी मारली.

"अजून किती वेळ हे बघायचं?" पाहुण्याने विचारले.

"दहा मिनिटं द्या सर," माझे सहकारी संचालकांना म्हणाले. "टोकं काढून एकदा बघतो."

"अहो, पाहुण्यांना आपण मंडईत भाजी निवडायला आणलेलं नाही," संचालक म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळून त्यांनी खुलासा केला, "आमचे हे गृहस्थ ऐन वेळी सुटीवर होते."

पाहुणे सभ्य होते. जेवूनच गेले.

दुपारी आम्ही दोघांनी ती टोके सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सहकाऱ्यांनी बराच वेळ पाहिले, मग बाजूला सरकून मला जागा दिली. काचेच्या तोंडावर लाल कण होते, आणि कडेला पिवळे.

"सर, आपल्या जोडाला काहीच झालं नाही," ते म्हणाले. "कोणी तरी त्याचं लग्न लावलं."

त्यांनी अल्कोहोलने टोके पुसली, पुन्हा तपासली, पुन्हा जोडली. मी चित्रावर टिचकी मारली. बोट उचलायच्या आत नकाशा उघडला. पाहायला आम्ही दोघेच होतो.

मी संचालकांकडे गेलो. खंडेनवमीला माझ्या इमारतीतली पूजा मी पाहिली होती, तिथे टोप्यांना कोणी शिवले नव्हते; त्यांच्या इमारतीतली त्यांनी स्वतः केली होती.

"टोकांवर हळदकुंकू आहे," मी म्हणालो.

"असणारच. मी माझ्या हातानं लावलं."

"टोपी काढून?"

"टोपीला लावायचं का मग? परत बसवली की नीट."

"त्यामुळे प्रकाश अडला. आता पुसल्यावर सगळं चालतं आहे. पाहुण्यांना पुन्हा बोलवा."

त्यांनी चष्मा काढला. "आणि काय कळवू? पूजेनं यंत्र बंद पडलं?"

"जे झालं ते कळवा."

"वर्तमानपत्रात येईल ते. आपण असं करू, सिरॅमिकमध्ये दोष निघाला म्हणू. कोणाचं नाव नको."

"सिरॅमिक माझं आहे. त्यात दोष नाही."

"मग त्यांचा हलगर्जीपणा म्हणावा लागेल. जोडण्यापूर्वी बघायला नको? आणि मी म्हणतो, पूजेला थांबले असते तर त्यांच्या डोळ्यांसमोरच झालं असतं सगळं. पण त्यांना आपल्या पूजेचं काय."

हे शेवटचे वाक्य त्यांनी अगदी सहज उच्चारले. ज्या माणसाने पूजेत भाग घेतला नाही, त्याच्यावर पूजेचा दोष ठेवण्यात त्यांना काही वावगे दिसले नाही. मी म्हणालो, "तुम्ही रजा मंजूर केलीत, तुम्ही टोपी काढलीत आणि दहा मिनिटं तुम्ही नाकारलीत." त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. एकच कप मागवला.

वर काय कळवले गेले, ते मला दाखवण्यात आले नाही. पाहुण्यांना पुन्हा बोलावले नाही आणि महिन्याभरात काम बंद झाले. सहकाऱ्यांनी राजीनामा दिला. निघताना ते म्हणाले, "आईला काय सांगू सर? तिला वाटतं, तिला फिरवण्यापायी माझं काम गेलं." ते एका संगणक कंपनीत लागले. परदेशी बँकांसाठी प्रोग्राम लिहू लागले. पगार दुप्पट झाला असेल. माणूस वाया गेला असे मी म्हणणार नाही. काम वाया गेले.

पुढच्या वर्षी त्याच दोन इमारतींत परदेशी जोड बसले. निम्मे पैसे त्यांच्या खोक्यांचेच असावेत, अशी ती खोकी होती. खंडेनवमीला संचालकांनी मला मुद्दाम आपल्या इमारतीत बोलावले. यंत्रे पुसलेली होती. आंब्याची पाने, झेंडू, तबक, सगळे होते. नव्या जोडांभोवती मात्र दोरी बांधली होती.

"यंदा इथे लांबूनच," ते सर्वांना म्हणाले. "फूल टेबलावर ठेवा. टोपीला कोणी हात लावायचा नाही. फार नाजूक असतं हे."

मी विचारले, "गेल्या वर्षीचं नाजूक नव्हतं?"

ते चिडले नाहीत. उलट, समजूत घालावी तशा स्वरात म्हणाले, "अहो, ही बाहेरची वस्तू. काही झालं तर उत्तरं द्यावी लागतात. ते काय, घरचंच होतं."

माझ्या हातात झेंडूचे फूल होते. ते मी खिशात घातले आणि माझ्या इमारतीत परतलो. भट्टी गार होती. तिच्या दारावर फूल ठेवले. कुंकू लावले नाही. निवृत्त होईपर्यंत मी पुन्हा त्यांच्या इमारतीत पूजेला गेलो नाही, आणि कोणी कारण विचारले नाही.