आज शेवटचा खेळ

चिमाजीकाकांना बसून बोलता येत नाही. आमच्या कॉलेजच्या रेडिओवर ते पहिल्यांदा माईकसमोर आले तेव्हाच हे कळलं. सृष्टीने त्यांना खुर्चीत बसवलं, माईक तोंडाशी आणला, लाल दिवा लागला आणि काका उठून चालायला लागले. आवाज दाराकडे गेला, खिडकीकडे गेला, परत आला.

"काका, बसा ना," काचेपलीकडून सृष्टी हातवारे करत होती. ती टी.वाय.ला आहे, मशीन तीच सांभाळते.

नंतर काका म्हणाले, "बसल्यावर आवाज पोटातच राहतो, बेटा. जीपमधी कधी बसलो नाय मी. मागच्या दांडीला एक हात, एका हातात माईक. खड्डा आला तरी वाक्य तुटू द्यायचं नाय."

काका आता कॉलेजच्या गेटवर वॉचमन आहेत. त्याआधीची बावीस वर्षं त्यांनी तंबूतल्या सिनेमाची जाहिरात केली. दोन्ही बाजूंना पोस्टरचे बोर्ड लावलेली जीप, टपावर भोंगा, आणि सटाण्यापासून कळवणपर्यंतच्या यात्रा. तंबू गेले, भोंगा गेला, काका नाशिकला आले आणि गणवेश घालून गेटवर उभे राहिले. उभे म्हणजे काय, तिथेही फेऱ्याच. पोरं म्हणतात, काकांच्या मोबाइलमध्ये पावलं मोजायचं अ‍ॅप टाकलं तर तेच दमेल.

दर शुक्रवारी पाच वाजता आम्ही 'येत्या आठवड्यात' लावतो. पाच मिनिटं, थेट. आठवड्याची गाणी, मुलाखती, सिनेमाच्या गप्पा, सगळ्याची वर्दी. मजकूर मी लिहिते, पोरं वाचतात. मार्चमध्ये परीक्षा लागल्या आणि वाचायला कुणी उरलं नाही. काका किल्ल्यांच्या रजिस्टरवर सही घ्यायला वर आले होते. माझ्या खांद्यावरून त्यांनी कागद वाचला, मोठ्याने. मी आणि सृष्टीने एकमेकींकडे बघितलं.

पुढच्या शुक्रवारपासून माईकचा स्टँड उंच झाला आणि जमिनीवर खडूने एक चौकोन आला. काकांनी चौकोनाबाहेर जायचं नाही.

चार शुक्रवार छान गेले. लोक फोन करून विचारायला लागले, हा नवीन माणूस कोण. काका गेटवर इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. गुरुवारपासूनच त्यांचं सुरू व्हायचं, "ताई, कागद झाला का?" दर दोन तासांनी जिना चढून.

पाचव्या शुक्रवारी मी लिहिलं होतं ते असं. मंगळवारी येवल्याच्या बँडवाल्यांशी गप्पा. गुरुवारी हरसूलच्या कलाकाराचं पावरीवादन. रविवारी सकाळी दहाला सिनेमावरचा 'पडद्याशेजारी'. काकांनी सगळं नीट वाचलं. मग कागद संपला आणि लाल दिवा तसाच होता, बारा सेकंद उरले होते. काका चौकोनात एकदा गर्रकन फिरले.

"तर मंडळी, रविवारी दहा वाजता 'पडद्याशेजारी'. शेवटचा खेळ. चुकवाल तर पस्तावाल. शेवटचा खेळ, शेवटचा खेळ, शेवटचा खेळ."

सृष्टीने कपाळावर हात मारला.

पहिला फोन मखमलाबादहून नवसाबाईंचा. फुलांच्या मळ्यात रेडिओ लावूनच त्यांची तोडणी चालते. "काय गं, बंद करताय का कार्यक्रम? कुणाला विचारून?" त्यानंतर फोन थांबेनात. एका माजी विद्यार्थ्याने थेट प्राचार्यांना मेसेज केला, स्टेशन बंद होतंय हे खरं का.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं प्राचार्यांसमोर. काका तिथेही एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"हे कुणी लिहिलं?" प्राचार्यांनी मला विचारलं.

"लिहिलं नव्हतं, सर."

"मग?"

काका म्हणाले, "साहेब, ते लिहायचं नसतं. ते रोजच म्हणायचं असतं. पाच दिवस यात्रा असली तर पाचही दिवस शेवटचा खेळ. नायतर लोक म्हणत्यात, उद्या बघू."

"म्हणजे रोज खोटं?"

"लोकांनाबी म्हायती होतं ना, साहेब. तरी यायचे."

प्राचार्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी चष्मा पुसला. "इथे लोक खरं धरतात. आज बारा वाजता दुरुस्ती जायला हवी. यांनीच वाचायची. पुन्हा असं झालं तर माईक विद्यार्थ्यांकडे, आणि काका गेटवर."

बाराला सव्वा तास होता. मी दोन ओळी लिहून दिल्या. काका कॉरिडॉरमध्ये चालत होते, कागद हातात, ओठ हलत होते. मी चहा नेऊन दिला तो त्यांनी खिडकीत ठेवला आणि विसरले.

"काय झालं, काका? दोनच तर ओळी आहेत."

"म्हणता येत नाय. 'कार्यक्रम चालूच राहणार आहे.' असं म्हणून कोण येईल, ताई?"

"ज्याला यायचं तो येईल."

"तुमी तंबू बघितला नाय." ते पुन्हा टोकापर्यंत जाऊन आले. "सटाण्याच्या यात्रेत एका दिवशी माझा घसा बसला. फक्त म्हणालो, आज खेळ हाय. बस. शेवटचा म्हणालोच नाय. निम्मा तंबू रिकामा. रात्री मालकाने सिनेमाचं मशीन विकलं. पुन्हा तंबू लागलाच नाय."



"म्हणजे तुम्हाला वाटतं, तुम्ही म्हणाला असतात तर..."

"तसं नाय वाटत. मशीनचं गिऱ्हाईक आधीच ठरलं होतं." ते थांबले. पूर्ण थांबलेलं मी त्यांना तेव्हाच बघितलं. "पण बावीस वर्षं रोज म्हणालो, आणि खरा शेवटचा झाला त्या दिवशी मला कुणी सांगितलंच नाय. हा तुमचा कागद सांगतो, चालूच राहणार. कुणाला विचारून लिहिलं तुमी?"

खरं सांगायचं तर कुणालाच नाही. वेळापत्रक जूनपर्यंतचं असतं; पुढचं मे महिन्यातल्या बैठकीत ठरतं. मी कागद परत घेतला, 'चालूच राहणार' खोडलं आणि काय लिहावं याचा विचार करत राहिले. बाराला चार मिनिटं.

"राहू द्या," काका म्हणाले. "कोरा द्या."

"काका, सर ऐकतायत. तुमचा माईक जाईल."

"तेच तर. म्हणून यात खोटं नको."

सृष्टीने मला विचारल्यासारखं बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. दिवा लागला. काका चौकोनात उभे, हात पाठीमागे, जणू तिथेही दांडी होती.

"नमस्कार मंडळी. मी चिमाजी. काल मी शेवटचा खेळ म्हणालो. ते खोटं होतं. जुनी सवय." एक पाऊल खडूच्या रेघेपर्यंत गेलं आणि परत आलं. "'पडद्याशेजारी' उद्या रविवारी दहा वाजता आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही आहे. जूनपर्यंत आहे. त्याच्या पुढचं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. कळलं की मी सांगेन."

दिवा विझला.

"खोटं नाय ना यात काही?" त्यांनी काचेतून विचारलं. सृष्टीने अंगठा वर केला.

फोन वाजला. आम्ही तिघांनीही त्याच्याकडे बघितलं, कुणी उचलेना. शेवटी मी उचलला. नवसाबाई होत्या.

"त्या बाबाला म्हणावं, जूनच्या पुढचं विचारून ठेव. मी पुढच्या शुक्रवारी ऐकणार हाय."

मी वळून सांगितलं. पण चौकोन रिकामा होता. दार उघडं होतं आणि काका जिना उतरून, गेटकडे न वळता, प्राचार्यांच्या केबिनकडे निघाले होते.