झुराकान एजेची चांदीची कानातली

झुराकान एजेसारखा नमदा, म्हणजे लोकरीचा जाड गालिचा, आमच्या कोचकोर गावात कोणी बनवत नाही, आणि तिच्याइतका हट्टही कोणी करत नाही. वयाने थोरल्या बाईला आम्ही एजे म्हणतो. मी कुबानिच, कोचकोर ते राजधानी बिश्केक व्हॅन चालवतो. माझी जीभ व्हॅनपेक्षा जोरात पळते असं लोक म्हणतात. पळू दे, तिला पेट्रोल लागत नाही.

एजेला आधी तिन्हीसांजेला दिसेनासं झालं, मग बाजूचं गेलं, मग उरलेलं मधलंही वाफ धरलेल्या काचेसारखं झालं. कोणाला सांगेल तर शपथ. नमदा तर ती हातानेच चाचपून शिवायची, त्यामुळे पोटच्या पोरालाही, तालायलाही, पत्ता लागला नाही.

लागला तो त्याच्याच सोयरिकीत. मुलगी पक्की झाली की सासूने स्वतःच्या हाताने तिच्या कानात चांदीची कानातली घालायची. एजे कानातली घेऊन ताठ मानेने पुढे गेली. पांढरे रुमाल बांधून, माना खाली घालून तीन जणी बसल्या होत्या. एजेने कानातली घातली ती नवरीच्या चुलत बहिणीला, नुरझादाला. तिला दोन मुलं आहेत.

तिचा नवरा शेजारीच चहा पीत बसला होता. तो म्हणाला, "एजे, हिला खुशाल घेऊन जा, पण पोरंही सोबत न्या."

सगळे पोट धरून हसले. एजेही हसली. वडीलधारे म्हणाले, जाऊ दे, आता खऱ्या नवरीला घाल. पण एजेने कानातली काढून रुमालात बांधली आणि खिशात टाकली.

"आता तुम्ही माझा हात धरून घालायला लावाल. सून माझी आहे. बघेन, मग घालेन."

"आणि दिसलंच नाही तर?" तिची नणंद कालबुबू फणकारली. "पोर काय बुच्च्या कानांनी नांदणार?"

नवरी, आयझिरेक, तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती हळूच म्हणाली, "मी थांबते."

परतताना एजे व्हॅनमध्ये घाटभर रडली. मी रेडिओ लावला.

लग्न झालं, कानातली खिशातच. गावाला तर विषयच मिळाला. सासूला सून पसंत नाही म्हणून कानातली दिली नाहीत, इथवर मजल गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तालायने आईला बिश्केकला नेलं, अर्थात माझ्याच व्हॅनने. डॉक्टर पेरिझात म्हणाली, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे.

"सुरी लावणार असशील तर मी चालले," एजे म्हणाली. "सुरी मेंढीला."

"सुरी नाही, सुईसुद्धा नाही." डॉक्टरने केसाएवढी बारीक तार दाखवली. ती खालच्या पापणीच्या कडेला डोळ्याला टेकवायची, कानशिलावर एक चकती चिकटवायची आणि अर्धा तास अगदी मंद वीज सोडायची. "पण खोटं सांगत नाही, एजे. गेलेलं सगळं परत येत नाही. आहे ते टिकलं तरी खूप. काहींना थोडं वाढून दिसतं, काहींना काहीच फरक पडत नाही."

"वीज?" मी म्हणालो. "आमच्याकडे बल्ब पेटायची मारामार."

"तू गप्प बस," एजे म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

मग दर बुधवारी हीच यात्रा. बर्फ असो, घाटात ट्रक आडवा झालेला असो. डॉक्टर दर वेळी तपासायची आणि "बघू" म्हणायची. वाळूतून तेल काढायचा उद्योग, असं मी मनात म्हणायचो. एजेसमोर म्हणायची छाती नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही परतत होतो. एजे शेजारी बसून समोर रस्त्याकडे बघत होती. एकदम म्हणाली, "कुबानिच, तुझ्या मिशा पिकल्या कधी?"

मी गाडी कडेला घेतली. तिने मान वळवलीच नव्हती. बाजूचं दिसलं होतं तिला.

"तीन वर्षं झाली," मी म्हणालो.

"काळ्या होत्या तेव्हाही काही फार शोभत नव्हत्या. चल, घर गाठ."

फाटकाशी उतरल्या उतरल्या तिने सुनेला हाक मारली. आयझिरेक कणकेच्या हातांनीच बाहेर आली. एजेने तिला अंगणात उन्हात बसवलं आणि अगदी जवळ जाऊन तुकड्यातुकड्याने पाहू लागली. कपाळ. भुवया. नाकाचा शेंडा. लोकरीतला काटा शोधतात तसं. मी सामानाची पिशवी धरून उभा होतो, आणि ती खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

मग एजेने सुनेचा रुमाल मागे सारला.

"कानात हे लाल काय गं?"

"दोरा," आयझिरेक म्हणाली. "तुमच्या लोकरीतला. भोकं बुजू नयेत म्हणून."

माझे डोळे धडधाकट, रोजचं येणंजाणं, पण रुमालाआडचं मला कधी दिसलं नव्हतं.

एजेने खिशातला रुमाल काढून त्याची गाठ सोडली. कानातली तळहातावर घेऊन तिने विचारलं,

"आणि मला दिसलंच नसतं तर?"

"तर दोरा बदलत राहिले असते, आई."