शेवट आधी सांगायची सवय

आमच्या रत्नागिरीच्या फिल्म सोसायटीत सिनेमाचा शेवट आधी सांगून टाकायची पद्धत होती. बाहेरगावचे लोक हे ऐकून कपाळाला हात लावतात. पण आमच्याकडे येणारे सिनेमेच असे, की शेवट माहीत नसता तर अर्धा हॉल मध्येच उठून मासळी घ्यायला गेला असता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लावायचे, एसटीच्या पार्सलने आलेले रिळांचे डबे उघडायचे, आणि प्रोजेक्टर सुरू होण्याआधी मी पुढे उभी राहून गोष्ट सांगायची. सिनेमे बंगाली, मल्याळी, कधी तर हंगेरीचे. खालच्या इंग्रजी ओळी वाचून होईपर्यंत पळून जायच्या. माझं इंग्रजी बरं आणि आवाज खणखणीत, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. सभासद म्हणजे बँकेतले, कोर्टातले आणि काही आंब्याचे बागायतदार. शेवट कळला की निवांत बघता येतं, असं त्यांचं म्हणणं.

गोष्टी तरी काय एकेक. निवृत्त झालेला कारकून रोज डबा घेऊन निघतो, ऑफिसबाहेरच्या बाकावर बसतो आणि संध्याकाळी घरी येतो; घरी कुणाला पत्ता नाही. बर्फात हरवलेली गाय शोधत एक म्हातारी अख्खा सिनेमा चालते, आणि शेवटी गाय सापडते ती दुसऱ्याची. केरळातले दोन भाऊ बांधावरच्या फणसावरून बोलणं टाकतात. फणस झाडावरच पिकतो, आणि दोघं आपापल्या ओटीवर त्याचा वास घेत बसतात. हा बघताना आमचा एक बागायतदार एवढा हसला, की पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्याचा स्वतःच्या भावाशी दावा चालू होता. मला या गोष्टींचं वेडच लागलं होतं. आठवडाभर कचेरीत टायपिंग करायचं ते रविवारच्या आशेवर.

अशात मुंबईची मंडळी मला बघायला यायचं ठरलं. मुलाला चांगली नोकरी, डोंबिवलीत स्वतःचा ब्लॉक आणि अट एकच, मुलीने नोकरी सोडायची. म्हणजे होकार आला की कचेरी गेली, रत्नागिरी गेली आणि रविवारही गेला. मला सव्विसावं लागलं होतं, आधीची दोन स्थळं फिसकटली होती. आई लहानपणीच गेलेली. वडील मोजकं बोलणारे, आणि त्यांना नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मध्यस्थ म्हणजे वडिलांचे मावसभाऊ. ते पत्रिका जुळवूनच आले होते.

मंडळी राजापूरला नातेवाइकांकडे उतरली होती, तिथून सकाळच्या एसटीने आली. मुलगा, त्याची आई आणि मामा. प्रश्न विचारायचं काम मामांकडे. स्वयंपाक झाला, शिवणकाम झालं, मग छंद काय म्हणून विचारलं. मी सिनेमा म्हणाले. वडील पोह्यांच्या बशीत बघू लागले. मुलाच्या आईने मात्र मान वर केली आणि शेवटचा कुठला पाहिला, असं हळूच विचारलं.

झालं. मी मान खाली घालायची विसरले आणि रविवारी सांगते तसं सांगत सुटले. सिनेमा कानडी होता. एक नवी सून हळूहळू बोलणं बंद करते. तिला कुणी काही विचारतच नाही, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. चहा वेळेवर, धुणं वेळेवर, घर कसं सुरळीत चाललेलं. सवयीप्रमाणे शेवटही सांगून टाकला. एक दिवस ती दारात उभी राहून ‘मी निघते’ म्हणते, आणि घरातली माणसं एकमेकांना विचारतात, हा आवाज कुणाचा?

मुलाची आई पुढे सरकून बसली होती. "सासूच्याही लक्षात आलं नाही?" तिने विचारलं.

"आई, तू गप्प बस," मुलगा म्हणाला. तिच्याकडे न बघताच.

ती लगेच गप्प झाली. मामांनी परतीच्या एसटीची चौकशी सुरू केली.

पुढचे दिवस मी जीव मुठीत धरून काढले. होकार आला तर काय, या विचाराने जेवण जाईना. त्यात वडिलांचं बोलणं आणखीच कमी झालं. मला वाटलं, माझ्या आगाऊपणाचा राग आलाय.

शेवटी मावसकाका निरोप घेऊन आले. पत्रिका जुळत नाही, म्हणे. जुळवून आणलेली पत्रिका! मला हसू आवरेना, म्हणून चहा करायला आत पळाले. स्टोव्ह पेटवला. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

काका गेल्यावर वडील स्वयंपाकघरात आले.

"बरं झालं गो," ते म्हणाले. "त्यांचा होकार आला असता तर मीच नाही कळवणार होतो. कसं कळवायचं त्याचे शब्द जुळवत होतो एवढे दिवस. चारचौघांत आईला गप्प बस म्हणतो, त्याच्या घरात तुला कशी देऊ?"

मी ओट्याला टेकून मोठ्याने रडले, अगदी मोकळी होऊन. वडील शेजारीच उभे राहिले. रडू थांबल्यावर म्हणाले, कानडीत ती ‘मी निघते’ कसं म्हणते, ते म्हणून दाखव.