चर्चची किल्ली

आमचा स्पॅनिश वेल्डिंग इन्स्पेक्टर आईच्या अंत्यविधीला स्वतःहून गेला नाही, असं सौदीतल्या जुबैलच्या आमच्या प्लांटवर मी सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं.

जेवण झालं की तो खजुराच्या बिया टेबलावर अर्धगोल मांडायचा. "बघ हबीबी, आमच्या चर्चची कमान. मध्ययुगातली, रोमनेस्क शैलीची, नुसते दगड. एकही वेल्ड नाही!"

त्याच्या डोंगराळ गावात मोजकी म्हातारी माणसं उरली होती. चर्चची किल्ली दरवर्षी एकेका घराकडे असायची. त्या वर्षी पाळी त्याच्या घराची होती, आणि सुट्टीवरून परतताना ती वीतभर लोखंडी किल्ली चुकून त्याच्या कोटाच्या खिशातून इथे आली.

आई गेल्याचा फोन आला तसा तो माझ्या टेबलाशी आला. त्याची रजा मंजूर करणं माझ्या हातात होतं. पण शटडाउन चालू होतं; दुरुस्तीसाठी प्लांट बंद, आणि एकेक माणूस हवा होता.

"हबीबी, किल्ली माझ्याकडे आहे."

"शटडाउन संपू दे. तोवर कुलूप तोडतील की ते."

"ते दार आमच्या गावात कुणी तोडणार नाही," तो हळूच म्हणाला.

कुणी तोडलं नाही. पावसात पायरीवर शवपेटी ठेवून, बंद दारासमोर प्रार्थना म्हणून म्हाताऱ्यांनी तिला पुरलं.

शटडाउन संपल्यावर मी रजा देऊ केली. "आता कशाला?" तो म्हणाला.

कॅन्टीनमध्ये तो पूर्वीसारखाच माझ्यासमोर बसायचा, मला हबीबीच म्हणायचा. खजूर खाऊन झाले की बिया मुठीत गोळा करायचा आणि कचऱ्यात टाकायचा.