चहातून दिलेलं लोह

बहीण पहिल्या बाळंतपणासाठी मुलुंडला आमच्याकडे आली तेव्हा तिचा सातवा महिना सरत आला होता. स्टेशनापासून घरापर्यंत येताना ती दोनदा थांबली. डॉक्टरांनी तिच्या बोटाला सुई टोचून रक्त पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"लोह फार कमी आहे. असंच राहिलं तर बाळंतपणात थोडं रक्त गेलेलंही हिला झेपायचं नाही."

कंपाउंडरनं एकेका मात्रेच्या खाचांची कागदी पट्टी चिकटवलेली मिक्श्चरची बाटली दिली. सूचना तीन होत्या. जेवणानंतर घ्यायचं, दात काळे पडतात म्हणून नळीनं ओढायचं, आणि मागेपुढे तासभर चहा नाही.

मी तेव्हा वर्तमानपत्रात होतो. दुसऱ्यांच्या मजकुरात काय राहून गेलंय ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. त्या दिवशी कचेरीला उशीर होत होता. बाटली आईच्या हातात देत मी म्हणालो, "दोन वेळा, जेवणानंतर. आणि दात सांभाळायला सांगितलंय, काळे पडतात." एवढंच.

महिन्यानं पुन्हा सुई टोचली. रक्ताचा रंग होता तितकाच फिका.

"औषध घेते ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक खाचही चुकलेली नाही," मी सांगितलं. बाटल्या वेळेवर रिकाम्या होत होत्या. डॉक्टरांनी मात्रा वाढवली.

पुढच्या सुट्टीला मी दुपारी घरी होतो. जेवणं झाल्यावर आईनं बहिणीसाठी कपभर चहा गाळला आणि त्यात मिक्श्चर ओतलं. दुधाचा चहा, पण बघता बघता पाटी धुतलेल्या पाण्यासारखा काळा झाला.

"हे काय करतेयस?"

"औषध देतेय. नुसतं घेतलं तर दात काळे होतील. सासरी काय तोंड दाखवेल ही?"

"गंजलेला खिळा चघळल्यासारखं लागतं रे दादा," बहीण म्हणाली. "चहातून निदान गिळता येतं."

"चहात घातलं की ते अंगी लागत नाही! डॉक्टरांनी चहा नको म्हणून बजावलं होतं."

"कुणाला?" आईनं विचारलं.

मी अंगणात गेलो. पपईच्या पानाचा पोकळ देठ कापला, धुतला आणि बहिणीच्या हातात दिला. नळी इतकी जवळ होती. महिना मात्र गेला होता, आणि हातात उरले होते पाच आठवडे.

मुलगी झाली. रक्त फारसं गेलं नाही, म्हणून निभावलं. तरी सव्वा महिना उलटल्यावरही बहीण भिंत धरून चालत होती. डॉक्टरांनी मिक्श्चर पुढे चालूच ठेवायला सांगितलं आणि खाण्यातूनही लोह जाऊ दे म्हणाले. आईनं आळिवाचे लाडू केले. आळिवात लोह असतं, हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

एका दुपारी तिनं बहिणीपुढे बशीत लाडू ठेवला आणि शेजारी वाफाळता चहा.

"आई, किती वेळा सांगू?"

"हे औषध नाही, खाणं आहे," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, खाण्यातलं लोहही चहानं वाया जातं हेसुद्धा, या वेळी काहीही न गाळता. मग कप उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. बहीण भिंतीचा आधार घेत उठली, ओट्यापर्यंत गेली आणि कप परत घेऊन आली.