उजवा स्पीकर

घुग्घुसमध्ये ज्या घरी उजवा स्पीकर जरा चढा वाजायचा, ते काम साउंडभाऊंचं, हे न विचारता कळायचं. कोळशाच्या खाणीत ड्रिल मशीनवर त्यांची सगळी नोकरी झाली. मशीनकडचा उजवा कान तिथेच अधू झाला. गावाला हे ठाऊक होतं, फक्त भाऊंना नव्हतं. निवृत्त झाल्यावर ते हौसेने घरोघरी होमथेटर बसवून द्यायचे.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी खांद्यावरच्या दुपट्ट्याने रॅकवरची काळी धूळ पुसायची, मगच खोकं उघडायचं. रिसीव्हरसोबत आवाज आपोआप जुळवणारा छोटा माईक यायचा. तो ते न वापरताच खोक्यात परत ठेवायचे. "माईक का पिक्चर पाहणार हाय? पाहणार तर तुमी," म्हणायचे. मग सोफ्याच्या मधोमध डोळे मिटून बसत आणि रिमोटने एकेक स्पीकर कमीजास्त करत. सगळं जुळेपर्यंत चहाला हात लावत नसत.

त्यांच्या मते जुळलेलं असायचं तेव्हा उजवा हमखास चढलेला असे. लोक मान डोलावत, त्यांना फाटकापर्यंत पोचवत आणि परत येऊन गुपचूप उजवा खाली आणत. एरवी पानठेल्यावर कुणाचीही खिल्ली उडवणारं आमचं गाव, पण ही गोष्ट कुणी तोंडातून काढली नाही.

माझ्या घरचं काम आटोपून भाऊ गेले आणि मीही रिमोट उचलला. भाऊ टेस्टर विसरले होते. तो न्यायला परत आले, तर टीव्हीवर उजव्याचा आकडा खाली येताना त्यांना दिसला.

"काऊन कमी केला, मास्तर?"

एवढी वर्षं शाळेत पोरांच्या थापा पकडल्या, पण स्वतःला एकही वेळेवर सुचली नाही. थोडा जास्त होता, एवढंच म्हणालो. त्यांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. आधी उजव्या कानावर तळहात धरला, मग डाव्यावर. डाव्यावर धरला तेव्हा बराच वेळ तसेच बसून राहिले.

"सगळ्याच घरी असंच हाय का?"

मी टेस्टर उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पुसून खिशात ठेवला आणि गेले.

त्यानंतर भाऊंनी एकही काम घेतलं नाही. कुणी बोलावलं तर डोळ्यांना बारीक दिसत नाही म्हणून सांगायचे. माझ्याशी मात्र पूर्वीसारखेच बोलत, चौकात थांबून माझ्या पोरीची चौकशी करत. ते मला जास्त लागायचं. एकदा तरी माफी मागायची होती. ते झालं नाही. गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या बायकोचा, म्हणजे मावशींचा, निरोप आला. सकाळी बुद्धवंदना लावतात तो सेट मुका झाला होता. मागची एक तार निसटली होती, ती मी जाऊन बसवली. वंदना सुरू झाली आणि उजवीकडून मोठ्याने येऊ लागली. सवयीने माझा हात रिमोटकडे गेला.

"राहू द्या, मास्तर," मावशी म्हणाल्या. "त्यायनं लावला तसाच राहू द्या. मी जनमभर त्यायच्या डाव्या बाजूले बसली. त्यायले कधी कळू देलं नाई."

मी रिमोट खाली ठेवला. त्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती.