घोंगड्यांच्या अंधारातला सिनेमा

ओल्या घोंगडीचा वास आला की मला आमच्या मार्गासनीची शाळा आठवते. सरकारी जीप शेतीचा माहितीपट घेऊन आली होती आणि भर दुपारी अंधार हवा म्हणून गावानं खिडक्यांना घोंगड्या टांगल्या होत्या. सगळं गाव आत कोंबलेलं, पडद्यावर भातलावणी सुरू झाली आणि अहो, आवाजच बंद पडला! जीपमधले साहेब म्हणाले, "मशीन बिघडलं, गुंडाळतो." आम्हा पोरींचे चेहरेच उतरले. तेवढ्यात मागून, बायकांतून, अगदी सिनेमातल्यासारखा भारदस्त आवाज आला, "हे पाहा आदर्श शेतकरी. यांच्या धोतराला चिखल लागत नाही, कारण भात बायकूनं लावलाय. आता ते बांधावर उभं राहून दमतील." असा हशा उसळला म्हणून सांगू! साहेबांनीही रीळ चालूच ठेवलं. हसता हसता कुणाचा तरी धक्का लागून एक घोंगडी सुटली, भक्कन उजेड आला आणि दिसलं, बोलणारी माझी नवी वहिनी! सासऱ्यांपुढं कधी शब्द न काढणारी. तिनं पदर तोंडात कोंबला. सगळे आबांकडं, माझ्या वडलांकडं, बघायला लागले. आबा उठले, घोंगडी उचलून स्वतः खिडकीला लावली आणि अंधारातून म्हणाले, "हं, सूनबाई, मग? दमला का त्यो?" आता नात मोबाईलवर गंभीर आवाजात थट्टा करणारे असले खोटे माहितीपट लावते, मी पोट धरून हसते, शेजारी बसलेली वहिनी तेवढी म्हणते, "आवाज बंद कर गं, म्या सांगते."